शंभर रुपयांची कपात

अर्थसंकल्पाच्या दिवशी सकाळी पावणेदहाला बाईंनी यादी माझ्या टेबलावर ठेवली. "कुदळे, शुद्धलेखन तेवढं बघा. बाकी कशाला हात लावायचा नाही. दुपारी ती पटलावर जाणार आहे."

बाई म्हणजे डॉ. माणिक गुंजकर. वय ऐंशी. वित्त विभागातून उपसचिव म्हणून निवृत्त झाल्या आणि निवृत्तिवेतनाच्या बळावर त्यांनी मितव्यय मंडळ काढलं. विधानभवनाच्या आवारात आम्हाला कंजूष मंडळ म्हणतात, आणि म्हणणाऱ्यांचं अगदीच चुकतं असं नाही. बाई पाठकोऱ्या कागदावर लिहितात, खोलीतून उठताना पंखा बंद करतात आणि मंत्र्यांनी गाडी पाठवतो म्हटलं तरी बसने जातात. सरकारकडे स्वतःचा असा एक रुपयाही नसतो, जो असतो तो कुणाच्या तरी घामाचा असतो, हे त्या बावीस वर्षं प्रत्येक सरकारला सांगत आल्या. योजना सुरू होताना सगळे हार घालून घ्यायला येतात, पण काम संपल्यावर ती बंद करायला कुणी फिरकत नाही, हे त्यांचं दुसरं पेटंट वाक्य. बावीस वर्षं प्रत्येक सरकारने त्यांना चहा पाजला आणि वाटेला लावलं.

मग गेल्या हिवाळ्यात नागपूरच्या अधिवेशनात मावळत कायदा झाला. कायदा साधा होता. ज्या लेखाशीर्षांचा, म्हणजे ज्या कामांच्या नावाने सरकार पैसा बाजूला काढतं त्या नोंदींचा, आता काही उपयोग उरलेला नाही, त्यांची यादी दर वर्षी अर्थसंकल्पाबरोबर सभागृहाच्या पटलावर ठेवायची. यादी पटलावर गेली की त्याच क्षणी कोषागाराचा संगणक त्या शीर्षांची बिलं स्वीकारायचं थांबवणार. एखादं शीर्ष पुन्हा सुरू करायचं झालं तर पुढच्या अधिवेशनापर्यंत, म्हणजे जुलैपर्यंत थांबायचं. आणि बाईंच्या हट्टामुळे त्यात आणखी एक कलम आलं होतं. पहिल्याच वर्षी यादी ठेवली गेली नाही, तर हा कायदाच आपोआप रद्द. "दुसऱ्याला मरणतारीख लावायची आणि आपण मात्र अमर राहायचं, हे मला जमणार नाही," असं विधेयकाच्या समितीपुढे त्या म्हणाल्या होत्या. मला त्या दिवशी बाईंचा फार अभिमान वाटला होता.

यादी करायचं काम सरकारने आमच्या मंडळावर सोपवलं, पण ती माणसांनी केलेली नव्हती. ती प्रतिराज्याने केली होती.

प्रतिराज्य म्हणजे यंत्रात उभा केलेला दुसरा महाराष्ट्र. दवाखान्यांच्या नोंदी, विजेची मीटरं, एसटीची तिकिटं, शाळांची हजेरी, रेशनची दुकानं, या सगळ्यातली नावं पुसून टाकायची आणि उरलेल्या माहितीतून साडेतेरा कोटी माणसं घडवायची. ती खरी नसतात, पण खऱ्यांप्रमाणे आजारी पडतात, लग्नं करतात, गाव सोडून जातात, मरतात. या दुसऱ्या राज्यातून एक लेखाशीर्ष काढून घ्यायचं आणि ते दहा वर्षं पुढे पळवायचं. कुणाच्या आयुष्यात काहीच फरक पडला नाही, तर त्या शीर्षाचा उपयोग नव्हता. एकदाच पळवलं तर त्यात नशिबाचाही भाग असतो, म्हणून हेच हजार वेळा करायचं आणि सरासरी काढायची.

घोळ होता तो पुढे. शीर्ष काढल्यावर कुठे शाळेचं छप्पर गळतं, कुठे रस्ता खचतो, कुठे माणूस दगावतो. यातल्या कशाला किती महत्त्व द्यायचं, हे यंत्राला कोण सांगणार? तज्ज्ञांची समिती नेमायची सूचना आली तेव्हा बाई भडकल्या. लोकांचं भलं कशात आहे हे लोकांपेक्षा आपल्याला जास्त कळतं, असं समजणाऱ्यांनीच खजिन्याची ही दशा केली, असं त्यांचं ठाम मत. "लोकांनी निवडून दिलेल्यांनी पाऊणशे वर्षं काय मागितलं आणि काय नको म्हटलं, ते विधिमंडळाच्या कामकाजात छापून ठेवलेलं आहे. वजनं तिथून घ्या." मला ते पटलं होतं. तत्त्व म्हणून आजही पटतं.

कुणाची वशिलेबाजी नको म्हणून यादी यंत्रातून थेट सीलबंद होऊन मंत्रालयात गेली होती. मंडळात कुणीही ती पाहिली नव्हती. आज सकाळी पत्रकारांसाठीच्या प्रतीचं सील फोडलं, तेव्हाच ती आमच्या हातात आली. तीनशे एक्केचाळीस शीर्षं. सर्वांत निरुपयोगी ते पहिल्या क्रमांकावर. मी लाल पेन उघडलं आणि पहिली ओळ वाचली.

'क्रमांक एक. निवळी जलाशय, आरोग्य नौका सेवा.'

आधी मला हसू आलं, कारण हे नाव मी इतक्या वेळा लिहिलं होतं की माझ्या हाताला त्याची सवय होती. मग मी ती ओळ पुन्हा वाचली.

मंडळात येण्यापूर्वी मी चौदा वर्षं आमदार आप्पा रांजणे यांचा पीए होतो. निवळीच्या धरणाने त्यांच्या मतदारसंघातली एकोणतीस गावं पाण्यापलीकडे टाकली होती. जून ते ऑक्टोबर तिथला डोंगरी रस्ता बंद. साप चावला, बाळंतीण अडली, की बोटीशिवाय गती नाही. आणि बोट होती ती एकच, तीही गळकी, डॉक्टरचा पत्ता नाही, डिझेल कधी असे, कधी नसे. दर मार्चला आमदार निवासातल्या खाटेवर मांडी घालून आप्पा मला म्हणायचे, "लिव्ह कुदळ्या. मागणीतनं शंभर रुपयं कापा म्हनाव. ईषय, निवळीची बोट."

पहिल्या वर्षी मी बावळटासारखं विचारलं होतं, "आप्पा, आपल्याला पैसे वाढवून पाहिजेत, आणि आपणच कापा म्हणायचं?"

"आरं येड्या, तशी रीतच हाय. कापा म्हनल्याबिगार उठून बोलाया मिळत न्हाई. शंभर रुपयं कापून सरकार मरतंय व्हय? त्या निमतानं मंत्र्याला उभा करायचा आन इचारायचं, बोट का दिली न्हाई म्हनून."

ही कपात सूचना. कुठल्याही विधिमंडळात विचारा. सदस्याला एखाद्या कामाबद्दल तक्रार मांडायची असली की तो त्या खर्चातून नाममात्र शंभर रुपये कमी करावेत अशी सूचना देतो, तक्रार बोलून घेतो, मंत्री उत्तर देतात आणि सूचना मागे घेतली जाते. एक रुपयाही कापला जात नाही, आणि कुणाला कापायचाही नसतो. ज्याला एखादं काम जिवापाड हवं असतं, तोच दर वर्षी त्यावर कपात सूचना देतो. आप्पांनी निवळीच्या बोटीवर चौदा वर्षं दिली. खालच्या मजल्यावरच्या आमदारांचे पीए एका चहाच्या बदल्यात माझ्याकडून तोच मजकूर उतरवून घ्यायचे, त्यामुळे इतरांच्या नावावरही ती पडायची. पंधराव्या वर्षी नवी बोट आली. डॉक्टर, दोन खाटा, रक्त ठेवायला फ्रीज. आप्पांनी ती पाण्यात उतरलेली पाहिली आणि दोन वर्षांनी ते गेले.

म्हणजे अख्ख्या महाराष्ट्रात सर्वांत जास्त वेळा 'कापा' असं ज्याच्याबद्दल छापलं गेलं, ते हे शीर्ष.

मी यादी उचलली आणि रुबिनाच्या खोलीकडे पळालो. रुबिना मुजावर मिरजेची, वय एकोणतीस. प्रतिराज्यातली सगळी वजनं तिने बसवलेली.

"रुबिना, कपात सूचना तू कशी धरलीस?"

"उणे वजन, सर. सदस्याला खर्च कमी पाहिजे म्हणून." ती डबा उघडत होती, ती थांबली. "तुम्हीच सांगितलं होतं की."

"मी?"

तिने पडद्यावर एक कागद उघडला. गेल्या जुलैतला, चाळीस प्रश्नांचा. विधिमंडळाच्या प्रथा यंत्राला शिकवण्यासाठी तिने मंडळातल्या एकमेव जाणकाराला, म्हणजे मला, तो भरायला दिला होता. प्रश्न सतरावा. 'कपात सूचना: सदस्याला त्या शीर्षावरील खर्च कमी व्हावा असे वाटते. हो किंवा नाही.' खाली माझी खूण. हो. शेजारी माझी सही, झोकदार.

खोटं बोलून काही उपयोग नाही, म्हणून सांगतो. ती चूक नजरचुकीने झालेली नव्हती. तो कागद भरताना क्षणभर माझं पेन त्या प्रश्नावर थांबलं होतं. पण चौदा वर्षं मी सरकारच्या दारात हात पसरायचं काम केलं होतं आणि मंडळात आल्यावर मला त्याची लाज वाटू लागली होती. आपल्या आमदारांनीही पूर्वीपासून काटकसरच मागितली होती, असं रेकॉर्डवर असावं, असं मला मनातून वाटत होतं. नियमावलीत या प्रथेवर एक अख्खा परिच्छेद आहे. तो उघडून बघायची मला गरज वाटली नाही. मला येतंच होतं ना सगळं.

"सर, पण सूचनेबरोबर भाषण असतं ना? त्यात बोट पाहिजे असं ते म्हणालेच असतील."

"असतील नाही, गळा काढून म्हणालेत."

"भाषणं आपण घेतली नाहीत. तक्ते घेतले. मागणी, विषय, सदस्य, रक्कम." तिचा आवाज बारीक झाला. मग तिने न विचारता आणखी एक रकाना उघडला. वजन लावण्याआधी यंत्राने नुसतं काय पाहिलं होतं, तो आकडा. आमच्या यादीत फक्त शेवटचे गुण छापलेले होते. हा रकाना कुणी मागितलाच नव्हता.

निवळीची बोट बंद केली तर दहा वर्षांत शेहेचाळीस मृत्यू. त्यातल्या एकोणीस बायका.

यंत्राला हे माहीत होतं. हजारही वेळा ती माणसं पाण्याच्या काठावर मेली होती, आणि आम्ही दिलेल्या वजनाने गुणल्यावर त्यांची किंमत शून्याच्या खाली गेली होती.

"अशी किती असतील?" मी विचारलं.

"ज्यांच्यावर कपात सूचना जास्त, अशी..." तिने मोजलं. "अठ्ठावन्न. पण खात्री करायची तर वजनं उलटी करून ती सगळी पुन्हा पळवावी लागतील. तीन तास."

साडेदहा वाजले होते. अर्थमंत्री दोनला बोलायला उभे राहणार होते.

बाई त्यांच्या खोलीत भाषणातला आपला परिच्छेद शेवटचा वाचत होत्या. तो त्यांनीच लिहून दिलेला होता. मी म्हणालो, "बाई, यादी थांबवावी लागेल."

"इतकं अशुद्ध लिहिलंय?"

मी क्रमांक एक दाखवला आणि कपात सूचनांचं सांगितलं. बाईंना ही प्रथा समजावून द्यावी लागली नाही. वित्त विभागात तीस वर्षं काढलेल्या त्या. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"हो असं कुणी लिहिलं?"

"मी."

"तुम्ही?" त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "तो कागद माझ्याकडे आला होता, कुदळे. मी वाचला नाही. तुम्ही भरलाय म्हणून वाचला नाही."

याच्यापेक्षा त्यांनी थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

त्यांनी चष्मा पुन्हा लावला. मग कोरड्या आवाजात म्हणाल्या, "जुलैच्या पुरवणी मागण्यांमध्ये दुरुस्त करून घेऊ. चार महिन्यांचा प्रश्न आहे."

"बाई, मधे जून येतो."

"जून कधी येतो ते मला कळतं!" त्यांचा आवाज मी इतका चढलेला कधी ऐकला नव्हता. "तुम्हाला काय वाटतं, मला ती माणसं दिसत नाहीत? पण आज आपण चुकलो म्हटलं की काय होईल, ते तुम्हाला दिसतंय का? पुढची वीस वर्षं कुणी काटकसरीचं नाव काढलं की लोक या यंत्राकडे बोट दाखवतील. खरोखर वाया जाणारा पैसाही मग पवित्र होईल. तोही गरिबाच्याच घामाचा असतो ना? शिव्या मला चालतात, कुदळे. शिव्या खाल्लेली कल्पना पुन्हा उभी राहते. हसून घालवलेली राहत नाही."

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि म्हणूनच मला त्यांचा त्या क्षणी भयंकर राग आला.

"रुबिनाचं उत्तर येऊ द्या," त्या उठत म्हणाल्या. "छापील. नुसत्या अंदाजावर मी बावीस वर्षं पाण्यात टाकणार नाही. मी पुढे जाते, कागद घेऊन तुम्ही गॅलरीत या." जाताना त्यांनी पंखा बंद केला.

पुढचे तीन तास कसे काढले ते माझं मला माहीत. एका वर्तमानपत्रातला जुना मित्र फोनच्या यादीत होता. दोनदा त्याचं नाव उघडलं. एक फोन, आणि यादी पटलावर जायच्या आत राज्यभर बोंब. बाईंना न विचारता त्यांचं आयुष्य बाजारात मांडायचं, हे मात्र बोटाच्या टोकापर्यंत येऊनही जमेना. आणि बाईंनी कागद वाचून तो पर्समध्ये ठेवून दिला तर? तर मी फोन करणार होतो. हे मी ठरवून टाकलं, आणि ठरवल्यावर मला रडू आलं.

उत्तर एक वाजून चाळीस मिनिटांनी आलं. अठ्ठावन्न शीर्षांपैकी एकही यादीत राहण्याच्या लायकीचं नव्हतं. सगळ्यांचे मिळून दहा वर्षांतले मृत्यू तीन हजार एकशे बारा. आदिवासी शाळांमधल्या नर्स, साप चावल्यावरच्या लशीचा साठा, डोंगरातल्या दोन रक्तपेढ्या. या प्रत्येकासाठी कुणी ना कुणी आप्पा वर्षानुवर्षं उठून बोलला होता. रुबिनाने छापलेला कागद माझ्या हातात दिला. "पळा, सर," ती म्हणाली.

विधानभवनाच्या फाटकावर पास, मग पिशवी, मग दुसरा पास. फोन तिथेच जमा करून घेतला, म्हणजे तो मार्गही संपला. सुरक्षेचा माणूस कागद उलटसुलट करून बघत राहिला. आत पोचलो तेव्हा सव्वादोन होऊन गेले होते आणि अर्थमंत्र्यांचा आवाज दारातूनच ऐकू येत होता.

अधिकारी गॅलरी सभागृहाच्या कडेलाच असते. चर्चा चालू असताना मंत्र्याला माहिती लागली की इथून शिपायाच्या हाती चिठ्ठी जाते, आणि भाषण सुरू झाल्यावर मंत्र्यापर्यंत पोचायचा तेवढाच एक रस्ता असतो. सल्लागार म्हणून बाईंची खुर्ची पहिल्या रांगेत होती, त्यांच्यामागे माझी.

"सिंचन चाललंय," त्या मागे न वळता कुजबुजल्या. "मग ऊर्जा. त्यानंतर आपला परिच्छेद."

मी कागद पुढे केला. बाईंनी वरची बेरीज पाहिली आणि खाली गेल्या. त्यांनी प्रत्येक ओळ वाचली. अठ्ठावन्नच्या अठ्ठावन्न. वाचता वाचता त्यांचं बोट ओळीखालून सरकत होतं, आणि सभागृहात कालव्यांची लांबी सांगितली जात होती. त्यांनी पर्स उघडली.

पर्समधून पेन काढलं, मांडीवरच लिहिलं. 'यादीत चूक आहे. सोबतची ५८ शीर्षे बंद केल्यास माणसे मरतील. यादी ठेवू नये. मा. गुंजकर.' शिपाई चिठ्ठी घेऊन गेला.

मंत्र्यांनी पाणी प्यायचं निमित्त केलं, चिठ्ठी वाचली आणि आमच्याकडे असं पाहिलं की मी मान खाली घातली. भाषण पुढे सुरू झालं. दोन मिनिटांनी त्यांचे खासगी सचिव वाकत वाकत बाईंच्या शेजारी येऊन बसले. तरुण, घामाघूम.

"मॅडम, साहेब विचारतायत, ही अठ्ठावन्न वगळून बाकीची दोनशे त्र्याऐंशी ठेवली तर? कायदा वाचेल, तुमची आणि आमची अब्रू पण वाचेल. फक्त बाकीची बरोबर आहेत असं लिहून द्या. सही करा. ऊर्जेचा परिच्छेद छोटा आहे, तो सुरू झाला की परत जायला वेळ उरणार नाही."

बाई पहिल्यांदा मागे वळल्या. त्यांच्या डोळ्यांत आशा होती, आणि ती मला बघवेना.

"कुदळे, दोनशे त्र्याऐंशी. बरोबर आहेत? सांगा."

माझ्या ओठांवर हो आलं होतं. त्या एका 'हो'ने सगळं फिटणार होतं. बाईंचं आयुष्य वाचणार, माझी चूक अर्ध्यावर येणार, आणि बोटही चालू राहणार. दोनशे त्र्याऐंशीतली बहुतेक बरोबर असणार हे मला आतून माहीत होतं. बहुतेक. पण प्रश्न चाळीस होते आणि मी आज एकच तपासला होता. सदस्याने ठराव मागे घेतला तर त्याला ती गोष्ट नको झाली असं समजायचं का, असाही एक प्रश्न होता. मंत्र्याने आश्वासन दिलं की ठराव मागे घेतात, म्हणजे त्याला ती गोष्ट मिळालेली असते. तिथे मी काय खूण केली होती? मला आठवेना. काही केल्या आठवेना.

"नाही, बाई," मी म्हणालो. "खात्री नाही."

सचिवांनी तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हटलं.

"एकाचीही नाही?" बाईंनी विचारलं. "यंत्र सोडा. वजनं सोडा. तुम्ही स्वतः जाऊन डोळ्यांनी पाहिलेलं एक तरी सांगा."

"एकाची आहे." मला ते बोलायची लाज वाटत होती. "क्रमांक तीनशे सत्तावीस. एका महामंडळाच्या टेलेक्स यंत्रांची देखभाल. यंत्रं भंगारात जाऊन चाळीस वर्षं झाली. खोलीला कुलूप आहे, ते मी गेल्या वर्षीच पाहून आलोय. वर्षाला अकरा हजार रुपये."

बाईंनी डोळे मिटले. सभागृहात कुणीतरी बाक वाजवलं. डोळे उघडून त्यांनी सचिवांनी परत आणलेल्या चिठ्ठीच्या मागे लिहिलं, आणि लिहिताना शब्द हळू आवाजात वाचले, मलाही ऐकू यावेत म्हणून. "यादीत फक्त क्रमांक ३२७ ठेवावा. बाकी ३४० मागे घ्यावेत. चूक मितव्यय मंडळाची आहे, शासनाची नाही, हे सभागृहाला सांगण्यास माझी हरकत नाही."

"मॅडम, एक शीर्ष?" सचिव जवळजवळ ओरडलेच. "अहो, सभागृह फाडून खाईल."

"कायद्यात यादी म्हटलंय. किती शीर्षांची ते म्हटलेलं नाही. ज्याची खात्री आहे तेवढंच बंद करायचं, असंच मी बावीस वर्षं सांगतेय. जा, ऊर्जा सुरू होईल."

सचिव गेले. मंत्र्यांनी चिठ्ठी वाचली, आणि त्यांचा चेहरा आधी लाल झाला, मग ते किंचित हसले. आपली मान सोडवून घ्यायचा रस्ता सापडला की राजकारणी माणूस तसा हसतो. ऊर्जेचा परिच्छेद संपला. त्यांनी पुढचं पान बाजूला ठेवलं आणि चिठ्ठी हातात धरली.

"अध्यक्ष महोदय, मावळत कायद्यान्वये मी आज पहिली यादी सभागृहाच्या पटलावर ठेवत आहे. मितव्यय मंडळाने स्वतःची चूक झाल्याचं मला आत्ताच लेखी कळवलं असून, त्यांच्याच सल्ल्याने या यादीत," ते मुद्दाम थांबले, "एक शीर्ष आहे. टेलेक्स यंत्रांची देखभाल. वार्षिक बचत, रुपये अकरा हजार."

क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग विरोधी बाकांवरून हास्याचा पहिला लोट आला, आणि सत्ताधारी बाकही मागे राहिले नाहीत. कुणी ओरडलं, "टाइपरायटर राहिला, टाइपरायटर!" कुणी म्हणालं, "अकरा हजारांत पूल बांधा!" लोक बाकं बडवत होते, एकमेकांच्या खांद्यावर पडून हसत होते. अध्यक्ष घंटा वाजवत होते आणि तेही हसत होते. पत्रकारांच्या गॅलरीतून माना काढून सगळे आमच्याकडे बघत होते.

बाई ताठ बसल्या होत्या. त्यांनी मान खाली घातली नाही की पदर सारखा केला नाही. प्रत्येक हसणाऱ्याकडे एकेक करून बघत त्या ते सगळं अंगावर घेत होत्या. शेहेचाळीस माणसं या वर्षी आणि पुढच्या नऊ वर्षांत बोटीत बसून दवाखान्यात जातील, आणि हे कुणामुळे झालं ते त्यांना कधीच कळणार नाही, या विचाराने माझा बांध फुटला. पन्नाशी उलटलेला माणूस, अधिकारी गॅलरीत, हुंदके देत होतो.

बाईंनी माझ्याकडे न पाहता रुमाल मागे धरला.

"हसतायत मला, कुदळे," त्या म्हणाल्या. "तुम्ही कशाला रडताय?"